साथीदारांचे सुटे भाग विकणारा स्विंडल

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. माळा आवरताना तुम्हाला तळहातावर मावेल अशी, मोहरीच्या रंगाची एक जीप सापडली. ती उलगडली की रोबो होतो. तुमच्या काकांनी १९८७-८८ च्या सुमारास मस्कतहून सुट्टीला येताना ती आणली होती. पोटाखाली ‘हॅस्ब्रो’ आणि ‘टकारा’ अशी बारीक अक्षरं आहेत. बंदूक, तोफ हरवलीय, एक हात लुळा पडलाय आणि अंगावरचा चौकोनी स्टिकर काळा झालाय. मुलगा विचारतो, हा चांगला की वाईट? आणि एका विकत घेणाऱ्याने तुम्हाला सांगितलंय की हा किरकोळ व्हिलन आहे, याला कोणी विचारत नाही, मिळेल त्या पैशाला देऊन टाका.

शेवटच्या मुद्द्याचं उत्तर आधी देतो. इतक्यात देऊ नका. गेली बावीस वर्षं मी जुनी रोबो-खेळणी दुरुस्त करतोय आणि ‘किरकोळ व्हिलन’ म्हणून फेकलेली खेळणीच माझ्याकडे सर्वांत जास्त येतात. नायक घरात जपले जातात. सेनापती काचेच्या कपाटात जातो. मधल्या फळीतले असे गडी माळ्यावर पडून राहतात, त्यांचे सुटे भाग हरवतात आणि मग कोणीतरी त्यांना मातीमोल भावात उचलतो. तुमच्या जीपच्या बाबतीत हे मला विशेष लागतं, कारण सुटे भाग आणि मातीमोल भाव हीच या पात्राची गोष्ट आहे.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून हा स्विंडल असावा. ट्रान्सफॉर्मर्स, म्हणजे वाहनांत रूप बदलणाऱ्या रोबोंची खेळणी आणि कार्टून, त्यातला हा, डिसेप्टिकॉन म्हणजे दुष्टांच्या बाजूचा. इंग्रजीत या नावाचा अर्थच गंडा घालणं. पाच जणांचा एक लष्करी चमू आहे, कॉम्बॅटिकॉन. त्यात ऑनस्लॉट हा क्षेपणास्त्रवाहू ट्रक आणि म्होरक्या, ब्रॉल हा रणगाडा, व्होर्टेक्स हेलिकॉप्टर, ब्लास्ट ऑफ अंतराळयान आणि आपला स्विंडल जीप. पाचही एकमेकांत अडकवले की ब्रूटिकस नावाचा एक धिप्पाड रोबो उभा राहतो. ऑनस्लॉट त्याचं धड, बाकीचे चौघे हातपाय. स्विंडल सहसा पाय असतो.

अमेरिकेत १९८४ मध्ये खेळणी आणि त्यांच्या जोडीने कार्टून मालिका सुरू झाली. कॉम्बॅटिकॉन त्या मालिकेत आले दुसऱ्या पर्वाच्या अगदी शेवटी, १९८६ च्या जानेवारीत. त्यांचा जन्मच मुळात चोरीतून झालाय. डिसेप्टिकॉनांचा सरदार मेगाट्रॉन, आणि त्याच्या गादीवर कायम डोळा असलेला त्याचा उपसेनापती स्टारस्क्रीम. एका फितुरीनंतर मेगाट्रॉन स्टारस्क्रीमला ग्वाडलकनाल बेटावर हद्दपार करतो. दुसऱ्या महायुद्धात जिथे अमेरिका आणि जपानची मोठी लढाई झाली तेच हे प्रशांत महासागरातलं बेट. तिथे युद्धातली मोडकी वाहनं गंजत पडलेली असतात. स्टारस्क्रीम आपल्या ग्रहावर जाऊन तिथल्या तुरुंगातून पाच कैद्यांचे मेंदू पळवतो. तिथे कैद्याला कोठडीत ठेवत नाहीत, त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा गाभा शरीरातून काढून बाजूला ठेवतात. ते गाभे तो या भंगार वाहनांत बसवतो. महायुद्धाच्या भंगारात अंतराळयान कुठून आलं, हा प्रश्न मला लहानपणी पडला होता आणि त्याचं समाधानकारक उत्तर मालिकेत नाही. खेळणी आधी ठरलेली असत, गोष्ट मागून रचली जाई, त्याचा हा परिणाम.

म्हणजे स्विंडल पहिल्यापासूनच उसन्या अंगातला कैदी आहे. मेगाट्रॉनचा तो माणूस नाही, स्टारस्क्रीमशीही त्याचं इमान नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढची गोष्ट यावर उभी आहे.

त्या पर्वाच्या अखेरच्या भागात ब्रूटिकसचा पराभव होऊन त्याचे तुकडे होतात. पाचांतला एकटा स्विंडल चालताबोलता उरतो. आता एखादा साधा खलनायक काय करेल? पळून जाईल किंवा सूड घ्यायला निघेल. स्विंडल आपल्या चारही साथीदारांचे अवयव गोळा करतो आणि माणसांना विकून टाकतो. मेगाट्रॉनला हे कळतं तेव्हा तो स्विंडलच्या डोक्यात बॉम्ब बसवतो आणि मुदत देतो, सगळे भाग परत आण. स्विंडल धावाधाव करून बहुतेक माल परत मिळवतो. एक भाग मात्र राहतो, ब्रॉलचा मेंदू. तो तोवर शाळकरी मुलांच्या हाती लागलेला असतो आणि त्यांनी तो आपल्या शाळेच्या प्रयोगासाठी बनवलेल्या रोबोत बसवलेला असतो.

मी हा भाग अनेकदा पाहिलाय आणि दर वेळी माझं लक्ष स्विंडलकडेच जातं. या मालिकेतल्या बहुतेक दुष्टांना एकच गोष्ट हवी असते, सत्ता किंवा सत्तेच्या जवळची जागा. कोणी मेगाट्रॉनपुढे वाकतो, कोणी त्याच्या पाठीत सुरा खुपसायला टपलेला असतो, पण सगळ्यांचे डोळे त्याच एका आसनाकडे. स्विंडलला ते आसन नको आहे. त्याला सौदा हवाय. विश्व जिंकून काय करायचं, ते विकता आलं पाहिजे, अशी त्याची वृत्ती. म्हणून मेगाट्रॉनलाही त्याला धाकात ठेवायला डोक्यात बॉम्ब बसवावा लागतो. पदाचं आमिष किंवा निष्ठेची शपथ इथे कामाची नाही. खेळण्याच्या खोक्यामागे छापलेल्या ओळखीतही तो असाच आहे. वरून गोड, गळ्यात हात टाकणारा, आणि आतून पोटात पाय असलेला शस्त्रांचा दलाल. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी असा एकजण असतोच, ज्याच्याकडे काहीही मिळतं आणि ज्याला सगळे हसून नमस्कार करतात, पण जामीन कोणी राहत नाही.

पात्राला स्वतःची वेगळी हाव असली की ते दोन मिनिटांतही मनात बसतं. एखाद्या दशावतारातला तुम्हाला नाव न आठवणारा पण चाल आठवणारा गडी आठवा. स्विंडलचं तसं आहे. म्हणूनच वीस-बावीस वर्षांनी, २००८ च्या सुमारास, ट्रान्सफॉर्मर्स अ‍ॅनिमेटेड या नव्या मालिकेने जुन्या शेकडो पात्रांतून ज्यांना पुन्हा उभं केलं त्यांत स्विंडल होता. तिथे तर तो चमूशिवाय, एकटा, पूर्णवेळ शस्त्रविक्रेता म्हणून येतो. फ्रेड विलार्ड या विनोदी नटाने त्याला आवाज दिला आणि तो टीव्हीवर वस्तू विकणाऱ्या निवेदकासारखा गोड गोड बोलतो. पहिल्या मालिकेतला आवाज जॉनी हेमर यांचा. दोन्ही ऐकून बघा, मुलाबरोबर ऐका.

त्या काळातल्या बहुतेक पात्रांची नावं आणि ओळखी बॉब बुडियान्स्की या मार्व्हल कॉमिक्समधल्या संपादकाने लिहिल्या. जपानहून आलेली खेळणी समोर ठेवायची आणि प्रत्येकाला नाव, स्वभाव, एखादी खोड द्यायची, असं ते काम होतं. खोक्याच्या मागे त्या ओळखीशेजारी आठ गुणांचा एक आलेख छापलेला असे. ताकद, बुद्धी, वेग, सहनशक्ती, हुद्दा, धैर्य, मारक शक्ती आणि कौशल्य. तो नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नसे. सोबत लाल पारदर्शक पट्टी मिळे, ती वर धरली की रेषा दिसत. तुमच्या काकांच्या कागदपत्रांत किंवा जुन्या वह्यांत अशी लाल पट्टी सापडली तर ती टाकू नका.

आता गाडीबद्दल, कारण मला स्वतःला हा भाग फार आवडतो. आपण सगळे जीप म्हणतो, पण स्विंडल ही आपल्या ओळखीची विलीज किंवा महिंद्रा जीप नाही. नाक बसकं, रुंदी जास्त, उंची कमी. ही एफएमसी या अमेरिकन कंपनीची एक्सआर ३११ नावाची प्रायोगिक लष्करी गाडी. १९७० च्या आसपास तिचे नमुने तयार झाले, सैन्याने चाचण्या घेतल्या, पण ती कधी मोठ्या संख्येने सैन्यात गेली नाही. पुढे १९८३ मध्ये कंत्राट मिळालं ते हमव्ही या दुसऱ्या लष्करी गाडीला. म्हणजे खऱ्या जगात जी गाडी सैन्याला विकता आली नाही, तिचं रूप एका हाडाच्या विक्रेत्याला मिळालं. खेळणं घडवणाऱ्यांनी हे ठरवून केलं असेल असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या हातातल्या जीपचं बॉनेट इतकं सपाट का, याचं उत्तर हे आहे.

अस्सलपणाकडे येऊ. पोटाखालची हॅस्ब्रो आणि टकारा ही दोन्ही नावं असणं चांगली खूण. हॅस्ब्रो अमेरिकन, टकारा जपानी. साचे आणि यंत्ररचना टकाराची, नाव आणि गोष्ट हॅस्ब्रोने उभी केलेली. तिथे सालही असेल. त्या सालावरून गडबडून जाऊ नका. ते साल हक्कनोंदणीचं असतं, विक्रीचं नाही. १९८४ च्या कित्येक ट्रान्सफॉर्मर्सवर टकाराचं १९७४ हे साल कोरलेलं आहे, कारण टकाराची मायक्रोमॅन ही खेळण्यांची आधीची मालिका त्या सालची. असं खेळणं हातात घेऊन ‘हे सत्तरच्या दशकातलं आहे’ म्हणून दुप्पट भाव सांगणारे विक्रेते मी पाहिलेत. ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच तसं वाटतं. कॉम्बॅटिकॉन बाजारात आले १९८६ मध्ये, तेव्हा त्याआधीचं एखादं साल दिसलं तरी चिंता नको.

काळ्या स्टिकरची तुम्हाला फार काळजी वाटतेय. ताई, तो खराब झालेला नाही, तो काळाच असतो. १९८५ पासून या खेळण्यांवर उष्णतेने रंग बदलणारा चौकोन लावायला सुरुवात झाली. अंगठा त्यावर पाचदहा सेकंद घट्ट दाबून किंवा घासून बघा. ऊब लागली की काळोखातून चिन्ह वर येतं, तुमच्या बाबतीत डिसेप्टिकॉनांचा टोकदार मुखवटा. बाजारात नक्कल फार झाली होती, खरा ट्रान्सफॉर्मर ओळखता यावा म्हणून ही युक्ती होती. चाळीस वर्षांत काहींची संवेदना मरते, तेव्हा चिन्ह आलं नाही म्हणून खेळणं नकली ठरत नाही. पण आलं तर तुमच्या मुलाचा चेहरा बघा.

त्या चौकोनाला पाणी, स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही लागू देऊ नका. सुरुवातीच्या काळात मी एका रणगाड्यावरचा असा चौकोन स्पिरिटच्या बोळ्याने पुसला आणि दोन मिनिटांत तो कायमचा मेला. खेळणं ज्यांचं होतं त्या गृहस्थांनी ते लहानपणापासून सांभाळलं होतं. ते काही बोलले नाहीत, पण तेव्हापासून मी कोणतंही खेळणं हातात घेतलं की आधी तो चौकोन पातळ चिकटपट्टीने न झाकता, कोरड्या कापडाच्या घडीने झाकून रबरबँड लावतो आणि मगच काम सुरू करतो. चिकटपट्टी काढताना स्टिकरच निघून येतो.

एक शक्यता मात्र तपासा. हाच साचा नंतर पुष्कळदा वापरला गेला. १९९२ मध्ये जपानात हा संच नव्या रंगांत बॅटल गाया म्हणून आला, १९९४ मध्ये जनरेशन टू या नावाखाली पुन्हा, आणि २००० साली जपानात, २००१ मध्ये अमेरिकेत नव्या मालिकेसाठी आणखी एकदा. त्या अमेरिकन आवृत्तीत या जीपचं नाव रोलबार. काकांचं साल १९८७-८८ नक्की असेल तर हे सगळे आपोआप बाद होतात. साल आठवणीवर असेल तर रंग पाहा: मोहरीसारखा पिवळा आणि गडद काळपट करडा हा मूळ स्विंडल. काहीजणांना वाटतं की भारतात मिळालेलं असं खेळणं फनस्कूलचं असणार, कारण हॅस्ब्रोच्या सहकार्याने फनस्कूलने गोव्यातल्या कारखान्यात जी. आय. जो हे सैनिकांचे बाहुले बनवले होते. तुमचं मस्कतहून आलेलं आहे, शिक्का दुसऱ्या देशाचा असेल. शिक्क्यातलं देशाचं नाव मला कळवा.

दुरुस्तीचं सांगतो. पहिल्यांदा धूळ. मऊ, कोरडा ब्रश, लहान मुलाचा दातांचा चालेल. मग भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब कोमट पाण्यात, त्यात कापड बुडवून घट्ट पिळून पुसायचं. खेळणं पाण्यात बुडवायचं नाही. आत लोखंडी खिळे आणि स्क्रू आहेत, आणि कोकण-मुंबईच्या हवेत ते आधीच गंजायला लागलेले असतील. थिनर, रॉकेल, पेट्रोल यांपैकी काही लावू नका. थिनरने हे प्लास्टिक विरघळतं, आणि विरघळलेलं परत येत नाही.

लुळ्या हाताला उघडायची गरज बहुधा पडणार नाही. साधा पांढरा गोंद पाण्यात थोडा पातळ करा. टाचणीच्या टोकाने सांध्याच्या फटीत एक थेंब सोडा. मग गोंद वाळेपर्यंत दर काही मिनिटांनी हात वरखाली फिरवत राहा. फिरवला नाही तर सांधा जाम होईल, एवढंच जपायचं. वाळलेला गोंद फटीत पातळ थर धरतो आणि हात जागी थांबायला लागतो. पुढेमागे नको वाटलं तर ओल्या कापडाने तो काढता येतो, म्हणून मी नेलपॉलिशपेक्षा हा गोंद पसंत करतो. बरेच जण नेलपॉलिश सुचवतात. माझा त्याला विरोध आहे, कारण त्यातलं द्रावण जुन्या प्लास्टिकला चावतं.

रंग उजळवायला हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवायची पद्धत सध्या फार चाललीय. पांढऱ्या आणि फिकट करड्या प्लास्टिकवर ती काम करते. तुमच्या मोहरी रंगावर मी ती करू देणार नाही. मूळ रंगच पिवळा असताना जुनेपणाचा पिवळा कुठे संपतो आणि खरा कुठे सुरू होतो हे औषधाला कळत नाही, ठिपके पडतात. तो जरा मळकट राहू दे.

रोबोला एक चौकोनी खुंटी आहे, तिच्याकडे खास लक्ष द्या. ती ब्रूटिकसच्या धडात बसते. याआधी १९८५ मध्ये आलेला डेव्हॅस्टेटर हा जोडरोबो असा होता की त्यातल्या प्रत्येकाची जागा ठरलेली. हात तो हातच, पाय तो पायच. स्विंडलच्या पिढीत खुंट्या सारख्या केल्या, त्यामुळे कोणीही हात होऊ शकतो, कोणीही पाय. इतकंच काय, दुसऱ्या चमूतला गडीही याच धडाला लागतो. मुलांना त्याचं केवढं वेड होतं! खुंटीला चीर असेल तर ती कुठेही दाबून बसवू नका, आधी मला फोटो दाखवा.

हरवलेल्या वस्तू म्हणजे हातातली बंदूक, जीपवरची तोफ आणि ब्रूटिकसचा पंजा किंवा पाऊल म्हणून लागणारा सुटा भाग. हे सगळं आजही मिळतं, पण बहुतेकदा कोणाच्या तरी अख्ख्या स्विंडलचे भाग मोडून वेगवेगळे विकलेले असतात. एकेका बंदुकीसाठी एकेक खेळणं फोडतात, कारण सुट्या भागांची बेरीज अख्ख्या खेळण्यापेक्षा जास्त होते. मी स्वतः असे भाग घेत नाही. मोडक्या शरीरासकट जे येतं तेवढंच घेतो आणि त्यातून एक अख्खं खेळणं उभं करतो. दोन्ही मार्ग खुले आहेत, निवड तुमची. पण आधी तो माळा पुन्हा एकदा नीट बघा. बटणांच्या डब्यात, शिवणाच्या मशीनच्या खणात, पत्त्यांच्या पेटीत. काळपट बंदूक लहान असते आणि घरातल्या मोठ्या माणसाला ती कशाचा तरी तुटका भाग वाटते. माझ्या माहितीतल्या एका घरी ब्लास्ट ऑफची बंदूक तीस वर्षं देवघराच्या खणात, समईच्या वातींच्या डब्यात होती.

भाव मी सांगणार नाही. एकटा, शस्त्रांशिवाय असलेला स्विंडल श्रीमंत करणारा नाही, तेवढं त्या गृहस्थाचं खरं. पण पाचही मिळाले की प्रत्येकाची किंमत वेगळी होते, आणि चार जमवून पाचव्यासाठी वर्षानुवर्षं थांबलेली माणसं मला ठाऊक आहेत. त्यांना हवा असतो तो हाच पाय. विकायचाच झाला तर अशा माणसाला विका. तोवर मुलाच्या हातात द्या, जीपचा रोबो करताना कुठेही जोर लावायचा नाही एवढं सांगून. आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर: हा वाईट आहे. त्याने मित्रांना विकलं होतं. मग सगळ्यांना परत आणायला त्याला किती धावावं लागलं, तेही सांगा.

शिक्क्याचा फोटो काढताना समोरून फ्लॅश मारू नका. खिडकीशी बसून उजेड बाजूने पडू द्या, म्हणजे कोरलेली अक्षरं सावलीने उठून दिसतील.